थोरली की धाकटी?

जुनी मोटार घ्यायची ठरली की घरात हमखास दोन पक्ष पडतात. एका पक्षाचे म्हणणे असते, 'तेवढ्याच पैशांत मोठी गाडी मिळते आहे, मग छोटी कशाला घ्यायची?' दुसरा पक्ष म्हणतो, 'मोठी असली तरी म्हातारी झाली आहे ती. त्यापेक्षा कमी चाललेली छोटी काय वाईट?' दोन्ही पक्ष आपापल्या जागी बरोबर असतात, आणि म्हणूनच वाद मिटत नाही. एकजण आकार मोजत असतो, दुसरा वय. दूध शेराने आणि कापड गजाने मोजल्यावर त्यांची तुलना कशी करायची?

त्यासाठी दोन्ही गाड्यांना लागू पडेल असे एकच माप घ्यावे लागते. ते म्हणजे पुढची पाच वर्षे. या पाच वर्षांत गाडी कोणाला, कुठे आणि किती वेळा नेणार आणि त्यापायी दर वर्षी घरातून किती पैसे जाणार, हे आधी कागदावर मांडले की वादातला निम्मा जोर ओसरतो.

उदाहरण म्हणून तंजावरचे एक मराठी कुटुंब डोळ्यांसमोर आणू. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्यामागून कावेरीकाठी आलेल्या मराठी घराण्यांचे वंशज आजही तेथे आहेत. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. थोरल्या-धाकट्याचा हिशेब तर या गावाला मुळीच नवा नाही. शहाजीराजांच्या दौलतीत आपला वाटा मागायला थोरले शिवाजीराजे १६७७ मध्ये दक्षिणेत आले, तेव्हा धाकटे व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर होते.

आपले कुटुंब राजवाड्याजवळच्या एका गल्लीत राहते असे समजू. आजी चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मुलगा बँकेत, सून शाळेत शिक्षिका, दोन मुले शाळेत जाणारी. एक नणंद तिरुचिरापल्लीला, दुसरी कुंभकोणमला. आजींचे गुडघे गेली दोन वर्षे साथ देत नाहीत. बसची पायरी चढवत नाही, रिक्षात वाकून बसवत नाही. पुन्नैनल्लूरची मारियम्मन गावापासून अवघ्या सहा-सात किलोमीटरवर, पण तिचे दर्शनही आता सुटले आहे. महिन्यातून दोनदा मेडिकल कॉलेज रस्त्यावर डॉक्टरांकडे जायचे, तेवढेच काय ते बाहेर पडणे. म्हणून गाडी घ्यायची. आठ वर्षांत साठवलेले पाच लाख रुपये आहेत आणि मुलीच्या कॉलेजसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांना हात लावायचा नाही, हे नक्की आहे.

त्यांच्यासमोर दोन गाड्या आल्या. एक २०१२ ची टोयोटा इनोव्हा, डिझेलवर चालणारी, मीटरवर १ लाख ९० हजार किलोमीटर. दुसरी २०१९ ची मारुती वॅगन आर, पेट्रोलवरची, ५२ हजार चाललेली. दोन्हींची मागणी पाच लाखांच्या आसपास. मुलाचे मन इनोव्हावर बसले, सुनेचे वॅगन आरवर.

तीनशे चाळीस दिवस आणि पंचवीस दिवस

मुलाची बाजू ऐकण्यासारखी होती. पोंगल, दिवाळी, तिरुवैयारूची त्यागराज आराधना, घरातली लग्नकार्ये. अशा वेळी दोन्ही बहिणींची कुटुंबे एकत्र येतात. "सगळे एका गाडीत बसून जाऊ, आई. दोन-दोन गाड्या ठरवायला नकोत," असे तो म्हणाला. इनोव्हात सात-आठ माणसे बसतात, वॅगन आरमध्ये पाच.

सुनेने कॅलेंडर काढले आणि मागच्या वर्षी सात-आठ माणसांना एकत्र कुठे जावे लागले त्या तारखांवर खुणा केल्या. ओढूनताणून पंचवीस दिवस भरले. उरलेले तीनशे चाळीस दिवस गाडीत दोन, फार तर चार माणसे बसणार होती: शाळा, बाजार, डॉक्टर.

मोठी गाडी घेताना अनेकजण सणाच्या दिवशीची गर्दी डोळ्यांसमोर ठेवतात आणि रोजची रिकामी आसने विसरतात. अर्थात याच्या उलट परिस्थितीची घरेही असतात. सासू-सासरे, दोन भाऊ आणि मुले रोज एकत्र बाहेर पडत असतील, चाकांची खुर्ची सोबत न्यावी लागत असेल किंवा महिन्यातून तीन-चारदा लांबचा प्रवास असेल, तर मोठी गाडी ही चैन नाही, गरजच आहे. म्हणून आधी वर्षाचे दिवस मोजावेत.

गल्ली आणि गुडघे

आकाराचा दुसरा प्रश्न जागेचा. इनोव्हा सुमारे ४.५८ मीटर लांब आणि पावणेदोन मीटरहून किंचित रुंद आहे. वॅगन आर ३.६५ मीटर लांब आणि १.६२ मीटर रुंद. लांबीतला फरक तीन फुटांचा. त्रिचीच्या हमरस्त्यावर तो जाणवत नाही. पण तंजावरच्या किल्ल्याच्या आतले जुने शहर मोटारींसाठी वसवलेले नव्हे. कीळवासलच्या बाजारात समोरून बैलगाडीऐवजी आता छोटा टेम्पो येतो, एवढाच काय तो बदल. इनोव्हा वळायला ५.४ मीटर त्रिज्येची जागा मागते, वॅगन आर ४.७ मीटरमध्ये वळते. ज्या माणसाला गाडी रोज गल्लीतून काढायची आणि दारात लावायची आहे, त्याचे मत येथे जास्त मोलाचे. या घरात ते माणूस म्हणजे सून. मुलाची बँक चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आणि आजी? मुलाला वाटत होते की मोठ्या गाडीत आईला आराम मिळेल. तिला दोन्ही गाड्यांत बसवून पाहिले तेव्हा वेगळेच कळले. इनोव्हाची जमीन उंच. आत शिरण्यासाठी पाय उचलून चढावे लागते. वॅगन आरचे छत उंच आणि आसन साधारण कमरेच्या पातळीला. आजी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, आसनावर टेकल्या आणि पाय आत घेतले. "ही बरी, खुर्चीत बसल्यासारखी वाटते," त्या म्हणाल्या. उंच गाडी आणि उंच आसन यांतला हा फरक माहितीपत्रकात सापडत नाही. ज्याचे गुडघे दुखतात त्यालाच तो समजतो.

पाच वर्षांचा हिशेब

आता पैसे. हे कुटुंब वर्षाला १० हजार किलोमीटर गाडी चालवील असे धरू. गाव आणि हमरस्ता मिळून वॅगन आर लिटरला १६ किलोमीटर आणि इनोव्हा ११ किलोमीटर देते असे मानू. पेट्रोल १०० रुपये आणि डिझेल ९२ रुपये हा सोपा भाव घेतला, तर वॅगन आरला वर्षाचे ६२,५०० रुपये आणि इनोव्हाला सुमारे ८३,६०० रुपये लागतात. डिझेल स्वस्त म्हणून डिझेलची गाडी स्वस्त, हा समज येथे टिकत नाही.

विम्याचेही तसेच. अपघातात दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचा हप्ता इंजिनाच्या आकारावर ठरतो. जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये, शिवाय कर. ही वॅगन आर ९९८ सीसीची, इनोव्हा २,४९४ सीसीची. गाडी जुनी झाली म्हणून हा हप्ता उतरत नाही.

इंधन आणि विमा मिळून फरक वर्षाला सुमारे २७ हजारांचा, पाच वर्षांत १ लाख ३५ हजारांचा. टायर, क्लच, सस्पेन्शन यांचा खर्च यात धरलेलाच नाही, आणि मोठ्या गाडीचे हे सगळे सुटे भाग महाग असतात. सुनेने याच आकड्याचा दुसरा अर्थ काढला. भाड्याच्या मोठ्या गाडीला किलोमीटरला २० रुपये धरले, तर वर्षाच्या २७ हजारांत १,३५० किलोमीटर फिरता येते, तेही चालकासकट. कुंभकोणम चाळीसेक किलोमीटरवर, त्रिची साठेक. म्हणजे सणावाराच्या बऱ्याच फेऱ्या भाड्याच्या इनोव्हातून निघतील आणि रोजची गाडी छोटी राहील.

न्यायाने बोलायचे तर थोरलीच्या बाजूनेही दोन गोष्टी आहेत. चांगली राखलेली इनोव्हा पुन्हा विकताना सहसा बरी किंमत देते. आणि आता देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. २०१९ ची पेट्रोल गाडी त्या प्रमाणासाठी बनवलेली नव्हती, त्यामुळे मायलेज थोडे घटते आणि इंधनाच्या रबरी नळ्या व सील यांवर लक्ष ठेवावे लागते. डिझेल गाडीला ही काळजी नाही.

छोटी गाडी घेणाऱ्यांनी आणखी एक चौकशी करावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या छोट्या मोटारींवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि त्यांच्या किमती उतरल्या. विकणारा जर त्याआधीच्या नव्या गाडीचा भाव सांगून 'बघा किती स्वस्त देतोय' म्हणत असेल, तर आजचा भाव विचारून यावे आणि मगच बोलणी करावीत.

वयाबरोबर नियम बदलतात

गाडीचे वय म्हणजे केवळ झीज नव्हे. ती कोणत्या नियमांच्या काळात बनली, हेही वयातच येते. अचानक जोरात ब्रेक लावल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली. चालकासमोरची एअरबॅग जुलै २०१९ पासून. शेजारच्या आसनासमोरची एअरबॅग सर्व मॉडेल्सना सक्तीची व्हायला २०२२ साल उजाडले. २०१२ मध्ये यांपैकी काहीच बंधनकारक नव्हते. त्यामुळे त्या काळच्या गाडीत एअरबॅग आहे की नाही, हे कोणता प्रकार घेतला होता त्यावर अवलंबून असते, आणि ते डोळ्यांनी पाहूनच ठरवावे.

'जड गाडी म्हणजे सुरक्षित गाडी' ही समजूत अर्धीच खरी आहे. वजनाचा उपयोग होतो, पण एअरबॅगची जागा वजन घेऊ शकत नाही. उलट धाकटीच्या बाजूनेही फुशारकी नको. ऑक्टोबर २०१९ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत वॅगन आरला पाचापैकी दोनच तारे मिळाले होते. मात्र शेजारच्या आसनाची एअरबॅग असलेली गाडी मिळत असेल, तर त्यासाठी चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

दुसरा नियम नोंदणीचा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते. २०१२ च्या गाडीची मुदत २०२७ मध्ये संपते. त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. एप्रिल २०२२ पासून यासाठीचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. तमिळनाडूत १५ वर्षांवरील गाड्यांना हरित करही भरावा लागतो. दिल्ली परिसरातल्या जुन्या डिझेल गाड्यांवरच्या निर्बंधांच्या बातम्या वाचून मात्र घाबरू नये. ते निर्बंध त्या परिसरापुरतेच आहेत.

आधी जात, मग गाडी

इतका हिशेब झाल्यावर घरात धाकटीच्या बाजूने कौल पडला. पण हा कौल 'छोटी गाडी घ्यावी' एवढाच होता. 'हीच छोटी गाडी घ्यावी' असा नव्हता. या दोन गोष्टींत गल्लत झाली की फसगत होते.

वॅगन आर पाहायला सगळे गेले, सोबत ओळखीचा मेकॅनिक. गाडी चकचकीत. नवी सीट कव्हर्स, आत अत्तराचा वास. मेकॅनिकने बॉनेट उघडण्याआधी मागचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला. टोकाची वीतभर पट्टी मातकट रंगाची होती. पायाखालचा गालिचा उचलला, तर आसनाच्या पट्ट्यांचे बोल्ट गंजलेले. डिकीत स्टेपनीच्या खळग्यात बारीक गाळ. गाडी चेन्नईच्या पासिंगची होती. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या वेळी चेन्नईत कितीतरी मोटारी पाण्यात उभ्या होत्या. त्याआधी डिसेंबर २०१५ च्या पुरातही तेच झाले होते. अशा गाड्या दुरुस्त होऊन दुसऱ्या गावच्या बाजारात येतात.

पाण्यात बुडालेली गाडी सुरू होते, चालतेही. पण वायरींच्या जोडांत शिरलेले पाणी महिनोन् महिने गंज धरवत राहते. एअरबॅगचे नियंत्रण करणारी पेटी बहुतेक गाड्यांत खाली, मधल्या भागात असते. म्हणजे ज्या एअरबॅगसाठी आणि एबीएससाठी आपण कमी वयाची गाडी निवडली, नेमका त्यांचाच भरवसा उरत नाही. तरुण गाडी घेऊन म्हातारपणाचे दुखणे घरी आणायचे, यात कसला शहाणपणा?

"बघा, मी म्हणत नव्हतो?" मुलाला जोर आला. मग इनोव्हा पाहिली. इंजिनाचा आवाज छान, पत्रा सरळ. पण मीटरवर १ लाख ९० हजार असताना ब्रेक आणि क्लचच्या पायपट्ट्यांचे रबर गुळगुळीत झाले होते आणि चालकाची गादी बसली होती. समोरच्या कप्प्यात जुन्या कागदांमध्ये २०१९ चे एक बिल सापडले. त्यावर आकडा होता २ लाख १० हजार. मीटर मागे फिरवलेले होते. नोंदी पाहिल्यावर कळले की गाडी पूर्वी पिवळ्या पाटीची टॅक्सी होती आणि नंतर खासगी करून घेतलेली. टॅक्सी असणे हा दोष नव्हे. ती लपवणे हा दोष. टायमिंग बेल्ट कधी बदलला, हे विचारल्यावर विकणाऱ्याला सांगता आले नाही.

त्या दिवशी कुटुंब रिकाम्या हाताने परतले. मेकॅनिकला दिलेले पैसे सोडले तर पाच लाख शाबूत होते. मुलांची तोंडे उतरली, पण आजींनी सांगितले, "दोन वर्षं थांबले, आणखी दोन महिने थांबेन." पहिली वॅगन आर बाद झाली म्हणून छोट्या गाडीचा हिशेब चुकला नव्हता. दीड महिन्याने तशीच दुसरी मिळाली. एकाच मालकाची, तंजावरच्याच पासिंगची, सर्व सर्व्हिसची बिले असलेली. ती ६० हजारांहून जास्त चालली होती, तरी त्यांनी घेतली. खरे ६० हजार हे संशयाच्या ५२ हजारांपेक्षा कमीच समजावेत.

नाव लागेपर्यंत व्यवहार पुरा नाही

पैसे देण्यापूर्वी केंद्र सरकारच्या 'परिवहन' संकेतस्थळावर गाडीचा क्रमांक घालून मालक कितवा, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, हे पाहावे. दंडाच्या थकलेल्या पावत्याही तेथे कळतात. बोजा असेल तर बँकेचा दाखला आणि ३५ क्रमांकाचा अर्ज हवा. आरसी बुकावरचा चासी आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा.

मालकी बदलासाठी २९ आणि ३० क्रमांकांचे अर्ज लागतात. एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. तंजावरच्या लोकांनी आणखी एक लक्षात ठेवावे. कारैकल जवळ असले तरी ते पुदुच्चेरीत मोडते. तेथल्या पासिंगची गाडी स्वस्त वाटली तरी ना हरकत दाखला, नवी नोंदणी आणि तमिळनाडूचा कर यांचा खर्च किमतीत मिळवूनच तुलना करावी.

विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज द्यावा. जुन्या मालकाला मिळणारी नो क्लेम बोनसची सवलत ही माणसाची असते, गाडीची नव्हे. ती आपल्याला मिळत नाही. जुनी गाडी विकणाऱ्यांसाठी तर हे सारे अधिकच महत्त्वाचे. नोंदणीत ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये एका अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. गाडी हातोहात चार घरी गेली आणि नाव मात्र बदलले नाही, तर भरपाईची जबाबदारी पहिल्या घरी येऊन थांबते.

थोरली की धाकटी, याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर नाही. पण वर्षाचे दिवस मोजणे, पाच वर्षांचा खर्च मांडणे आणि सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहणे कोणालाही जमण्यासारखे आहे. गाडी पाहायला जाताना मेकॅनिक तर हवाच. त्याच्याबरोबर घरातल्या सर्वांत थकलेल्या माणसालाही न्यावे आणि त्याला दोनदा बसून-उतरून पाहू द्यावे.